गुळगुळीत देह

दिनकर चौगुले मास्तरांना कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचे. इचलकरंजीतल्या ज्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पोरांकडून कवायत करून घेतली, त्याच शाळेच्या मैदानाला ते रोज सकाळी फेऱ्या मारत, आणि पहिल्या फेरीतच सोबतच्या माळी मास्तरांना ऐकवत, "आमची शाल्मली यंत्रं बनवती. माणसाच्या आत बसवायची." माळी मास्तर त्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते म्हणत, "व्हय, काल सांगिटलंस की." मग चौगुले मास्तर दुसऱ्या फेरीत पुन्हा सांगत.

पोरगी पुण्यात होती. वैद्यकीय उपकरणांच्या रचनेत तिनं एम.टेक. केलं होतं. यंत्रं मात्र ती बनवत नव्हती.

प्रवेश घेताना कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकात लिहिलं होतं की पुढे वाटाच वाटा आहेत. रचनाकार व्हा, संशोधक व्हा, स्वतःची कंपनी काढा. तिची तुकडी बाहेर पडेपर्यंत रचना करायचं काम संगणकाकडे गेलं होतं. हृदयाची झडप कुणाला हवी, कुठे बसायची, किती वर्षं टिकायला हवी एवढं सांगितलं, की दुपारच्या चहापर्यंत तो शेकडो आराखडे समोर टाकी, आणि त्यातला वाईटातला वाईटसुद्धा तिच्या प्राध्यापकांच्या आराखड्यापेक्षा बरा असे. माणसांसाठी वाटा उरल्या तीन. ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या शेजारी उभं राहून कुठल्या मापाचं यंत्र घ्यायचं ते सांगायचं. सरकारी परवान्यांसाठी कागद रंगवायचे. नाहीतर देह घासायचे. ओजस देवकर, तिच्या वर्गातला आणि आता तिचा नवरा, पहिल्या वाटेला लागला. शाल्मली तिसऱ्या, दोघंही एकाच उपकरणांच्या कंपनीत.

देह घासणं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

पूर्वी नवं उपकरण आधी जनावरांत बसवून पाहत, मग तयार होतील त्या रुग्णांत, आणि त्यात वर्षानुवर्षं जात. मग प्रतिदेह आला. माणसाला स्कॅनरमध्ये झोपवायचं, त्याच्या रक्तवाहिन्यांचा आकार, भिंतींचा ताठपणा, रक्ताचा दाब हे सगळं टिपायचं, आणि संगणकात त्याचा दुसरा देह उभा करायचा. तो नुसतं चित्र नसतो. तो चालतो. रक्तवाहिनीची भिंत लाखो इवल्या त्रिकोणांच्या जाळीत विभागलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त त्या त्रिकोणावर किती रेटतं, तो किती ताणला जातो, आणि त्याचं उत्तर शेजारच्या त्रिकोणाच्या उत्तराशी जुळतं का, हे संगणक तपासत जातो. सगळ्यांची उत्तरं जुळली की गणित बसतं. मग अशा देहात उपकरण बसवून त्याची दहा वर्षं एका दुपारी चालवून पाहता येतात. एकही जनावर मरत नाही, कुणाच्या जिवाशी खेळ होत नाही. कायद्यानं ते मान्य केलं. पहिल्या वर्गात हे ऐकलं तेव्हा शाल्मलीचे डोळे भरून आले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

खोट निराळीच होती. स्कॅन चालू असताना माणूस खोकला, हलला, की भिंतीवर नसलेले उंचवटे उमटतात. उंचवट्यावरचे त्रिकोण पिळवटतात, शेजाऱ्याशी त्यांचं जुळत नाही, आणि गणित फाटतं. पडद्यावर एक लाल रेघ येते आणि उत्तर येतच नाही. असा एक देह अडला की त्याच्या मागची रांग अडते. म्हणून घासणारी माणसं ठेवलेली. त्यांच्या हाती एक ब्रश असतो, पडद्यावरचाच, तो उंचवट्यावरून फिरवायचा आणि जाळी गुळगुळीत करायची. उंचवटा खोकल्याचा की खरा? प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, संशय आला तर घासा.

"एम.टेक. करून धुणीभांडी," असं शाल्मली म्हणायची. ओजस हसायचा. आबांना, म्हणजे चौगुले मास्तरांना, मात्र तिनं कधी सांगितलं नाही. मैदानातल्या त्या फेऱ्या तिला ठाऊक होत्या.

पुण्या-मुंबईबाहेरचे देह कमी पडतात म्हणून कंपनीनं गावोगाव शिबिरं घेतली आणि कर्मचाऱ्यांनी आपापली माणसं आणावीत असं सुचवलं. कोल्हापूरच्या शिबिराला शाल्मलीनं आबांना नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि स्कॅनरमध्ये शिरता शिरता तिथल्या तंत्रज्ञ मुलीला म्हणाले, "आमची पोरगी तुमच्याच कंपनीत यंत्रं बनवती." मुलीनं शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

देहांना नावं नसतात, फक्त नंबर. कोल्हापूरचा गठ्ठा तिच्याकडे आला तेव्हा ती नेहमीसारखी एकेक काढत होती. मधेच एक उंच म्हातारा देह आला. डावीकडची चौथी बरगडी पुढच्या टोकाला दुभंगलेली. शाल्मलीची तशीच आहे. कॉलेजात मुलांनी एकमेकांचे स्कॅन काढले तेव्हा ते कळलं होतं, आणि प्राध्यापक म्हणाले होते, निरुपद्रवी आहे, घराण्यात चालत येते. नावाची गरजच उरली नाही. आधी तिला भारी आनंद झाला. आबांचं हृदय तिच्यासमोर धडधडत होतं, कवायतीच्या ठेक्यात. मग तिनं पडदा खाली सरकवला. मूत्रपिंडांच्या खाली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबला कमकुवत जागी फुगा येतो, तशी.

ती उठून थेट वृंदा पारसनीसांकडे गेली. वृंदा मॅडम चाचणी विभागाच्या प्रमुख, वागायला मऊ, नियमाला पक्क्या.

"मॅडम, एका देहात मोठा फुगवटा आहे. खरा आहे. त्या माणसाला कळवायला हवं."

"आपण डॉक्टर आहोत का?"

"नाही, पण..."

"संमती देताना त्यांना सांगितलंय, ही तपासणी नाही. एकाला कळवलं तर सगळ्यांना कळवावं लागेल. मग प्रत्येक चुकलेल्या निदानाला आपण जबाबदार. उद्यापासून एकही देह मिळणार नाही, आणि मग परत कुत्र्या-डुकरांत यंत्रं बसवायची का?" मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. "मलाही वाईट वाटतं गं. सवय होते."

तो माझा बाप आहे, हे शाल्मलीच्या ओठांवर आलं होतं. पण नंबरमागचं नाव ओळखणं हाच मोठा गुन्हा होता. ती परत आपल्या टेबलाशी गेली. ओजसला मात्र तिनं संध्याकाळी सगळं सांगितलं.

"सरळ गावी जा आणि त्यांची सोनोग्राफी करून घे," ओजस म्हणाला. "काहीतरी थाप मार. तुला कुठून कळलं हे देवालासुद्धा सांगू नकोस."

थाप मारायला फारसं डोकं चालवावं लागलं नाही. कंपनी आई-वडिलांची तपासणी फुकट करते म्हटल्यावर आबांची छाती फुगली. "माळीलाबी घेऊ की," ते म्हणाले, "त्यो बिड्या ओढून ओढून वाळून गेलाय." शाल्मली आणि तिच्या आईबरोबर दोघे मास्तर सहलीला निघाल्यासारखे कोल्हापूरला गेले. माळी मास्तरांच्या पोटात छोटा फुगवटा निघाला, नुसतं लक्ष ठेवा म्हणाले. आबांचा मोठा होता. आई पदर तोंडाला लावून बाकावर बसून राहिली.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक जुना. पोट उघडायचं, फुगलेला तुकडा काढून तिथं कापडी नळी शिवायची. दणक्याचं ऑपरेशन, महिना-दोन महिने अंथरूण, पण शिवलेलं टिकतं हे जगाला माहीत आहे. दुसरा नवा. 'सेतू' नावाची नळी मांडीच्या धमनीतून घडी करून आत सरकवायची आणि फुगवट्याच्या आतून उलगडायची. फुगवट्याच्या वरच्या घट्ट भागाला ती पकडून बसते, रक्त नळीतून जातं आणि फुग्यावरचा दाब संपतो. दोन दिवसांत घरी. सगळी मदार त्या वरच्या पकडीवर. ती सुटली तर खेळ खलास.

"सेतू म्हंजे तुमच्याच कंपनीचं न्हवं?" आबांनी विचारलं.

"हो, पण आबा, जुनं ऑपरेशनही..."

"अगं, पोरीनं केलेलं सोडून पोट फाडून घेऊ व्हय मी?"

"मी नाही केलेलं, आबा. मी तिथं फक्त..."

"बघा डॉक्टर," आबा म्हणाले, "एवढी शिकली, पर गर्व म्हणून न्हाई."

डॉक्टर हसले. आईसुद्धा पदराआड हसली.  तिथंच शाल्मलीनं टेबलावर हात आपटून सगळं सांगायला हवं होतं. पण किती तरी दिवसांनी बाप हसत होता, आणि तो तिच्याच जोरावर हसत होता.

ऑपरेशन ठरलं की नियम उलटा होई. आधी रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिदेहात सेतू चालवून पाहायचा, त्यासाठी नंबरला नाव जोडायचं, आणि उत्तर हिरवं आल्याशिवाय सर्जननं हात लावायचा नाही. यादीतलं आडनाव पाहून वृंदा मॅडमनी तिला बोलावलं.

"हे तुझे वडील?" त्यांना बहुतेक मागचं सगळं उमगलं, पण त्या त्यावर बोलल्या नाहीत. "दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम?"

"नको मॅडम. माझ्याइतक्या काळजीनं दुसरं कोण करणार?"

सगळे जेवायला गेले होते तेव्हा तिनं आबांच्या देहात सेतू बसवला आणि गणित चालू केलं. फाटलं. तिनं पुन्हा चालवलं. पुन्हा लाल रेघ. ती लाल रेघ 'नळी सुटेल' असं म्हणत नाही. 'टिकेल' असंही म्हणत नाही. ती काहीच म्हणत नाही. शाल्मलीनं वरच्या पकडीची जागा मोठी करून पाहिली. भिंतीला आतून वयानं साचणाऱ्या चुन्याचं, कॅल्शियमचं, कडं धरलं होतं, खडबडीत, एका बाजूला जाड. तिथं नळीचे आकडे रुततील की घसरतील हे सांगणं कठीण. आणि ते कडं खोकल्याचं नव्हतं. चुना स्कॅनमध्ये पांढरा चमकतो, खोकला चमकत नाही. हे तिला ठाऊक होतं. आतापर्यंत कितीतरी देहांत तिनं अशी कडी पाहिली होती आणि रांग अडू नये म्हणून घासून टाकली होती. सेतूला परवाना मिळाला होता तो तिनं आणि तिच्यासारख्यांनी गुळगुळीत केलेल्या देहांवर.

हे सगळं त्या क्षणी तिच्या डोक्यात होतं. कुणी म्हणेल, तिला कळलं नसेल. तर तसं नाही. पण तिला यंत्राच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, की आबा जगतील, आणि यंत्र बोलायला तयार नव्हतं. तिनं ब्रश घेतला. आधी अगदी थोडं घासलं. फाटलं. आणखी थोडं. फाटलं. स्कॅनच्या वेळी आबा खोकले होते की, तिला आठवल्यासारखं वाटलं. निदान ठसका तरी लागला असेल. तिनं आणखी घासलं. कडं बांगडीएवढं बारीक झालं तेव्हा गणित बसलं. दहा वर्षं चालली आणि नळी तसूभर हलली नाही. उत्तर हिरवं. शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. तिथंच टेबलावर डोकं टेकून ती रडली, आणि मग डबा उघडून पोटभर जेवली.

ऑपरेशनला कंपनीचा माणूस म्हणून ओजसच उभा होता. सगळं सुरळीत पार पडलं. दोन दिवसांत आबा घरी आले आणि थोड्याच आठवड्यांत मैदानावर गेले. भेटेल त्याला शर्टावरून पोट दाखवत. "हितं हाय बघ. पोरीचं." दिवाळीला शाल्मली आणि ओजस इचलकरंजीला गेले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्या दोघांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर सांभाळता सांभाळता शाल्मलीच्या नाकी नऊ आले. ओजस म्हणाला, "असू दे गं. बरे झालेत ना?" तिलाही तेच म्हणायचं होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी फेरी मारता मारता आबा बोलायचे थांबले आणि मैदानातच खाली बसले. माळी मास्तरांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. वरची पकड सुटली होती.

तेरावं झाल्यावर परसात दोघंच असताना ओजस म्हणाला, "मला दिसलं होतं."

"काय?"

"चुना. ऑपरेशनच्या वेळी एक्सरेच्या पडद्यावर. वरच्या बाजूला बराच होता. सर्जन म्हणाले, करायचं का पुढं? मी टॅबवर तुझा अहवाल पाहिला. हिरवा. म्हटलं, करा."

"तू का नाही थांबवलंस?"

"तू केलेलं होतं ना! तुझ्या बापाचं, तू स्वतः. त्याच्यावर मी शंका घेऊ?"

"आणि मी," शाल्मली म्हणाली, "तिथं तू आहेस, काही वेडंवाकडं दिसलं तर तू बघशील, असं धरून चालले होते."

ओजस उठला आणि आत गेला. त्यानंतर ती दोघं एका घरात राहिली, एका ताटलीत पोहे खाल्ले, पण एकमेकांच्या कामाबद्दल पुन्हा कधी बोलली नाहीत. बोलण्यासारखं दुसरंही त्यांच्यात फारसं नव्हतं, हे तेव्हा कळलं.

कंपनीनं चौकशी केली. निष्कर्ष निघाला की उपकरणात दोष नाही. रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिदेहात सेतू दहा वर्षं पक्का राहतो. रुग्ण सल्ल्यापेक्षा जास्त चालला असावा, रक्तदाब अचानक वाढला असावा. शाल्मली वृंदा मॅडमच्या खोलीत उभी राहिली आणि म्हणाली, "तो देह खोटा आहे. मी कडं घासलं. खरं कडं."

"मग न घासलेला देह चालवून दाखव."

तिनं तिथंच चालवला. लाल रेघ आली.

"हा पुरावा नाही," मॅडम म्हणाल्या. "याला उत्तर नसलेलं गणित म्हणतात. तू खरं बोलतेस हे मला दिसतंय, शाल्मली. पण खरं चालवून दाखवता आलं नाही तर मी ते कुठं लिहू?" त्यांनी दार लोटलं. "मीही याच टेबलांवर घासून इथवर आलेय. तुला काय वाटलं? मला सगळं माहीत आहे. मला प्रशिक्षणाला माणूस हवंय. नव्या मुलांना शिकवशील? पदही वरचं आहे."

म्हणजे तिसऱ्या वाटेलाही पुढे चढण होती तर. माहितीपत्रकात हे कुणी लिहिलं नव्हतं.  घरी जाऊन राजीनामा लिहायचा, असं शाल्मलीनं जिन्यातच ठरवलं आणि आईकडे महिन्याच्या श्राद्धाला निघून गेली.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माळी मास्तर आले. मैदानावर जायचं तर आता एकट्यानं, म्हणून ते जातच नसत. आईनं त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. मास्तरांनी कप हातात घेतला.

"पोरी, माझा फुगा वाढलाय. डॉक्टर म्हंत्यात सेतू घाला."

"नको, काका!" ती एवढ्या जोरात म्हणाली की आई आतून बाहेर आली. "पोट उघडून जुनं ऑपरेशन करा. माझं ऐका."

"ते झेपायचं न्हाई म्हंत्यात. बिड्यांनी छाती खाल्लीया. भूल दिली तर उठायचो न्हाई मी. सेतू न्हाईतर काय बी न्हाई."

मग शाल्मलीनं त्यांना सगळं सांगितलं. आईसमोर सांगितलं. ती यंत्रं बनवत नाही, कधीच बनवली नाहीत. ती देह घासते. आबांच्या आत चुन्याचं कडं होतं, ते तिनं हिरवं उत्तर येईपर्यंत घासलं, आणि त्या उत्तराच्या भरवशावर आबांना टेबलावर चढवलं. आई दाराची चौकट धरून उभी होती. ती आत गेली, आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला.

माळी मास्तरांनी चहा संपवला.

"माझंबी असंच बघत्यात न्हवं? आधी त्या काँप्युटरातल्या देहात?"

"हो."

"तूच कर ते."

"काका, तुम्ही ऐकलंत ना मी काय..."

"ऐकलं. तू कर. आन् घासू नकोस."

"न घासता उत्तर येणार नाही. तुमच्या आतही कडं असेल, या वयात सगळ्यांच्या असतं. गणित फाटेल. आणि हिरवं उत्तर नसेल तर कुठलाही सर्जन तुम्हाला हात लावणार नाही. कायदाच आहे."

"म्हंजे न घासलं तर फुगा फुटून मरायचं. घासलं तर कदाचित नळी सुटून मरायचं, कदाचित जगायचं."

"हो."

मास्तर उठले, टोपी नीट केली आणि चपला शोधू लागले. उंबऱ्यापाशी थांबून ते म्हणाले, "मग घास. पर किती घासलंस ते मला खरं सांग. मग चढायचं का न्हाई ते मी बघतो."

राजीनामा अजून लिहिलेला नव्हता. शाल्मली हो म्हणाली. आबांनी तेवढंसुद्धा विचारलं नव्हतं, आणि तिनं आपण होऊन सांगितलंही नव्हतं.